‘रेडी’ म्हणण्यास नकार

तीर्थस्वरूप ताईंच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. आपणा उभयतांची प्रकृती उत्तम आहे असे मी गृहीत धरतो. (गृहीत धरणे हा माझा स्वभाव नव्हे, परंतु पत्राच्या पहिल्या परिच्छेदात त्यावाचून गत्यंतर नसते.) माझ्या प्रकृतीविषयी तक्रार करण्याजोगे काही नाही. दोन्ही वेळा जेवतो. स्वयंपाकात प्रगती आहे, म्हणजे पदार्थ करपल्यावर नव्हे, तर करपत असतानाच आता माझ्या लक्षात येते. घर खायला उठते हा वाक्प्रचार मला पूर्वी अतिशयोक्त वाटत असे. गेल्या पाच महिन्यांत तो आक्षेप मी मागे घेतला आहे.

आपल्या मागील पत्राला मी ‘होय’ असे एका शब्दाचे उत्तर पाठविले होते, हे आपल्या स्मरणात असेलच. आपण मायेने लिहिले होते की, खालच्या मजल्यावरचा शिलाईचा कारखाना आता बंद करावा, पाचही मशिने आपल्या जावयांच्या ओळखीचे गृहस्थ पुढील महिनाअखेरीस घेऊन जातील, आणि मी आपल्याकडे येऊन राहावे. कारखाना आपल्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे हिचा, होता. तीच नाही तर तो कोणासाठी चालवायचा, हा आपला प्रश्न बिनतोड होता. मी ‘होय’ लिहिले, पाकीट टाकले आणि त्याच दिवशी मशिनांची यादी करण्यासाठी खाली उतरलो. आजपर्यंत त्या यादीच्या चार प्रती झाल्या आहेत. चारही प्रतींत मशिने पाचच भरली. विलंबाचे कारण वेगळे आहे, आणि ते सविस्तर निवेदन करणे माझे कर्तव्य आहे.

कारखान्यात तिघीजणी काम करतात. पहिल्या कटरबाई. कापड त्या बेततात, आणि बहुधा समोरचा माणूसही. दुसरी काजवाली, वयाने सर्वांत लहान. तिचे तोंड तिच्या मशिनपेक्षा जलद चालते. तिसऱ्या इस्त्रीच्या मावशी, ज्या इस्त्री गरम आहे की नाही हे ओले बोट लावून पाहतात आणि मला दर वेळी धडकी भरवतात. हिला त्या ‘बाई’ म्हणत आणि मला ‘बाईंचे साहेब’ म्हणत. कारखाना बंद होणार ही बातमी त्यांना सोमवारी सांगावयाची, असे ठरवून मी ओळीने तीन सोमवार खाली गेलो. तिन्ही सोमवारी त्यांनी मला चहा दिला. चहा हातात असताना अशी बातमी देणे शिष्टाचाराला धरून होत नाही, आणि चहा संपल्यावर त्या कामाला लागलेल्या असत.

चौथ्या सोमवारी पत्र आले. आपणांस ठाऊक आहे की, या कारखान्याचे मुख्य काम म्हणजे परिचारिका महाविद्यालयाचे गणवेश. तेथे आता नव्या मेट्रनबाई आल्या आहेत. त्या दूरच्या प्रांतातल्या आहेत व इंग्रजीखेरीज आपल्याकडची कोणतीही भाषा त्यांना येत नाही. त्यांनी कळविले होते की, पुढील आठवड्यातील गुरुवारी त्या स्वतः येऊन नमुन्याचा एक गणवेश पाहतील, प्रत्यक्ष शिवणाऱ्या स्त्रियांशीच बोलतील (मध्यस्थांशी बोलण्याची त्यांना इच्छा नाही, हे वाक्य त्यांनी अधोरेखित केले होते), आणि वर्षाचे काम याच कारखान्याला द्यावे की नाही ते तेथल्या तेथे ठरवतील. पत्र वाचून दाखवल्यावर तिघींनीही हातातले काम खाली ठेवले. ताई, आपली खात्री असावी की, त्या क्षणी माझे काम सोपे झाले होते. ‘आपल्याला इंग्रजी येत नाही, काम जाणार, सबब कारखाना बंद’ एवढेच म्हणावयाचे होते. तेवढ्यात काजवाली म्हणाली, “साहेब बी.ए. आहेत ना? मग घाबरायचं कशाला?”

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात मी एकतीस वर्षे इंग्रजी लिहिले. गळक्या नळांपासून फुटलेल्या जलवाहिन्यांपर्यंत प्रत्येक विषयावर माझे मसुदे नमुना म्हणून फिरत. परंतु इंग्रजी मी उभ्या आयुष्यात एकदाही बोललो नाही. तशी वेळच आली नाही. नळ गळतो म्हणून ओरडणारा मनुष्य स्वतःच्याच भाषेत ओरडतो. तरीही तिघी माझ्याकडे अशा काही विश्वासाने पाहत होत्या की, मी नकळत शिंप्याचा खडू हातात घेतला.

दहा दिवसांत भाषा येत नाही. एक विशेषण मात्र, मनुष्याने हट्ट धरला तर, यावे, असा मी विचार केला. मेट्रनबाई अन्य काहीही विचारोत, गणवेश तयार आहे काय, हे नक्कीच विचारतील. म्हणून मी कटिंगच्या टेबलावर खडूने ‘रेडी’ हा शब्द लिहिला आणि त्याचा अचूक वापर शिकविण्यास प्रारंभ केला. काजवाली लगेच म्हणाली, “साहेब, रेडी म्हणजे म्हशीची पोर. आमच्या नणंदेकडे दोन आहेत.” मी पुढील मुद्द्याकडे वळलो.

पुढील मुद्दा महत्त्वाचा होता, आणि तो मी (आता खेद वाटतो) फार ठासून मांडला. मी म्हणालो की, हे विशेषण जगात सर्वाधिक खोटे वापरले जाते. दुकानदार ‘रेडी आहे’ म्हणतो आणि वस्तू गोदामात असते. आमच्या कार्यालयात जोडणी ‘रेडी’ असे आणि नळाला हवा येई. जे होत आले आहे, जे होईलच, किंवा जे झाले आहे असे सांगितल्याने समोरच्याला बरे वाटेल, त्यापैकी कशालाही ‘रेडी’ म्हणू नये. जे खरोखर पूर्ण झाले आहे, त्यालाच म्हणावे. कोणी कितीही डोळे वटारले तरी चुकीच्या ठिकाणी हा शब्द तोंडातून निघता कामा नये. तिघींनी माना डोलावल्या. कटरबाईंनी तर माझ्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिले. त्याचे कारण मला नंतर कळले.

रोज प्रत्येकीने एक वाक्य करावे, असा दंडक होता. काजवालीचे पहिले वाक्य होते: “माय सासूबाई इज ऑलवेज रेडी.” कशासाठी, असे मी विचारले. “भांडायला,” ती म्हणाली. विशेषणाच्या वापरात दोष काढता येईना. मावशींनी दोन दिवस एकच वाक्य म्हटले, “आयर्न इज रेडी, आय ॲम नॉट रेडी,” आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ते ज्ञान बसमध्ये वापरले. थांबा येण्याच्या बराच आधी त्या उठून “आय ॲम रेडी” असे इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या की, वाहकाने घाबरून मधेच घंटा मारली आणि मावशींना अर्धा मैल पायपीट करावी लागली. (त्यांचे म्हणणे असे की, वाक्य बरोबर होते, बस चुकली. मी सहमत झालो.) कटरबाई मात्र वाक्य करीत नसत. काजवालीच्या हातांकडे पाहत त्या फक्त ऐकत. “कटरबाई, तुमचं वाक्य?” असे मी विचारले की म्हणत, “वेळ आली की करीन.”

मेट्रनबाईंची भूमिका अर्थातच मला करावी लागली. मी दारातून आत येई आणि इंग्रजीत प्रश्न विचारी. प्रथम आवाजच फुटेना. फुटला तेव्हा तोंडातून जे बाहेर आले, त्याचा अर्थ साधारणपणे ‘वरील विषयास अनुसरून आपणांस विचारण्यात येते की’ असा होता. काजवाली इतकी हसली की तिचे काज चुकले. “साहेब बोलतायत की तार वाचून दाखवतायत?” तिने मावशींना विचारले. मग मेट्रन बाईमाणूस आहे, हातात पर्स हवी, असे तिच्या मनात आले आणि तिने खुंटीवरची हिची पर्स काढून माझ्या हातात दिली. पाच महिन्यांत त्या पर्सला कोणी हात लावला नव्हता. आत दोऱ्याची दोन रिळे, शिवताना बोटात घालायचे एक अंगुस्तान आणि माझ्या करड्या सदऱ्याचे एक बटण होते, ते शिवून द्यायचे राहून गेलेले. त्या दिवशी वर्ग जरा लवकर सोडला.

असो. गुरुवार उजाडला. नमुन्याचा गणवेश (घातलेल्या कपड्यांवरून चढवायचा, कोटासारखा, पांढरा) मावशींनी असा काही इस्त्री केला होता की त्याला हात लावण्याचा धीर होऊ नये. बरोबर अकरा वाजता मेट्रनबाई आल्या. ताठ, घड्याळ छातीवर उलटे लावलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ‘मध्यस्थ’ या सदरात माझी नोंद करून पुन्हा पाहिले नाही. गणवेशाची बाही उलटून पाहिली, काजे मोजली, शिवण ओढून पाहिली. चेहऱ्यावर समाधान दिसू लागले. माझ्या मनात आले की, जमते आहे. मग त्या कटरबाईंकडे वळल्या आणि त्यांनी अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, आम्ही दहा दिवस घोटलेला प्रश्न विचारला.

“नो, मॅडम,” कटरबाई म्हणाल्या. “इट इज नॉट रेडी.”

मेट्रनबाईंना वाटले ऐकण्यात चूक झाली. त्यांनी समोर लटकणाऱ्या गणवेशाकडे पाहिले, मग काजवालीला तोच प्रश्न विचारला. काजवाली, जी स्वतःच्या सासूलाही घाबरत नाही, तिने खाली मान घालून सांगितले, “नॉट रेडी, मॅडम.” मावशींना तर विचारावेही लागले नाही. त्यांनी इस्त्री उभी केली, पदराला हात पुसले आणि बसमध्ये म्हटले होते त्याच आवाजात “नॉट रेडी!” म्हणून मोकळ्या झाल्या. तिन्ही वाक्ये निर्दोष होती. मेट्रनबाईंनी डायरी मिटली, पर्स उचलली, आणि ज्यांना दिलेल्या दिवशी एक नमुना पुरा करता येत नाही त्यांच्याविषयी जे म्हणायचे असते, ते त्या इंग्रजीत म्हणू लागल्या.

मी कटरबाईंजवळ धावलो (ताई, मी धावलो, याला साक्षीदार आहेत) आणि हलक्या आवाजात विचारले की, हे काय चालवले आहे? गणवेश पुरा झालेला नाही काय? त्यावर त्यांनी मला जे फैलावर घेतले, ते शब्दशः देतो.

“साहेब, तुम्हीच सांगितलंत ना, खोटं म्हणायचं नाही? मग? अजून कुणी अंगात घातलाय का तो? हा बघा बाईंचा दोरा.” त्यांनी गणवेशाचा खालचा काठ उलटला. तेथे आतल्या बाजूस बोटभर लांबीचा, लाल रंगाचा एक कच्चा टाका होता. “बाईंच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. कपडा शिवून झाला, काजं झाली, इस्त्री झाली, तरी हा दोरा ठेवायचा. घालणारीनं अंगात घालायचं, हात वर करायचे, वाकायचं, ओझं उचलायचं. कुठं काचलं नाही तर हा दोरा ओढायचा, मग ‘तयार’ म्हणायचं. त्याच्या आधी म्हटलेलं बाईंना चालायचं नाही. दर वर्षी नमुना घेऊन त्या स्वतः जायच्या कॉलेजात. तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत नव्हते. ताई, सव्वीस वर्षे मी या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहिलो. संध्याकाळी येऊन, हात-पाय धुऊन, वर्तमानपत्र वाचले. ही कधी काही सांगू लागली तर मी तिच्या वाक्यातली चूक सुधारत असे. त्या लाल दोऱ्याविषयी तिने मला सांगितले नसेल असे नाही. मी ऐकले नसेल, ही शक्यता अधिक आहे.

मेट्रनबाई दारापर्यंत पोहोचल्या होत्या. आता कोणीतरी बोलणे प्राप्त होते आणि ते इंग्रजीत बोलणे प्राप्त होते. मसुदा करण्यास वेळ नव्हता. मी म्हणालो, “मॅडम, दे आर राइट.” हे वाक्य लहान आहे, याची मला जाणीव आहे, परंतु एकतीस वर्षांत माझे एवढे लहान वाक्य कोणी पाहिले नसेल. त्या थांबल्या. मग मी गणवेश खुंटीवरून काढला, दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढे नेला आणि म्हणालो, “प्लीज वेअर इट.” एका परक्या, पदाधिकारी स्त्रीला मी असे काही म्हणेन, हे मला आदल्या दिवशी कोणी सांगितले असते तर मी त्याच्याशी बोलणे टाकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तिघींकडे पाहिले, लाल दोऱ्याकडे पाहिले. पर्स खाली ठेवली आणि गणवेश अंगावर चढवला. मध्यम मापाचा होता. सुदैवाने त्याही मध्यम मापाच्या होत्या.

मग कटरबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि हातवारे करून हुकूम सोडले. हात वर. हात पुढे. वाका. मेट्रनबाई, ज्यांच्यापुढे म्हणे अख्खे महाविद्यालय थरथर कापते, निमूटपणे वाकल्या. “आता रोगी उचलून बघितला पाहिजे,” कटरबाई म्हणाल्या. येथे रोगी कोठून आणायचा, असे मी विचारले. तिघींनीही माझ्याकडे पाहिले.

पुढील हकिकत मी संक्षेपाने देतो. कटिंगच्या टेबलावर, मी स्वतः लिहिलेल्या विशेषणावर, मला उताणे निजविण्यात आले. चष्मा काढून घेण्यात आला. “अंग सैल सोडा की, साहेब,” काजवाली म्हणाली, “रोगी कुठं असा पट्टीसारखा असतो?” अंग सैल सोडण्याची मला सवय नाही, तरी प्रयत्न केला. मेट्रनबाईंनी एक हात माझ्या पाठीखाली आणि एक खांद्याखाली घातला आणि एका झटक्यात, पण अतिशय सांभाळून, मला बसते केले. ताई, गेल्या पाच महिन्यांत मला पुष्कळ लोकांनी धीर दिला. हात देऊन उठवले ते प्रथमच. चष्मा नव्हता म्हणून मला नीट दिसत नव्हते, एवढेच येथे नमूद करतो.

उचलताना मेट्रनबाईंच्या उजव्या बगलेत गणवेश काचला. “बघा!” कटरबाई म्हणाल्या, आणि असा विजयी ‘बघा’ मी कधी ऐकला नव्हता. खडूची खूण झाली, शिवण उसवली, बगलेत कापडाची लहानशी तिकोनी कळी बसली, मावशींनी इस्त्री फिरवली, एवढे सगळे वीस मिनिटांत. मेट्रनबाई स्टुलावर बसून चहा पीत ते पाहत राहिल्या. मग त्यांनी गणवेश पुन्हा चढवला, मला पुन्हा निजविले, पुन्हा उचलले. या खेपेस कोठेही काचले नाही. त्यांना बहुधा खात्री पटेना, म्हणून तिसऱ्यांदाही उचलले. मग कटरबाई पुढे झाल्या, त्यांनी काठ उलटून लाल दोरा हळूच ओढून काढला, तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि दहा दिवसांत न केलेले आपले वाक्य केले.

“मॅडम, नाउ रेडी.”

त्यात क्रियापद नव्हते. मी ते सुधारले नाही.

ही पद्धत यांना कोणी शिकविली, असे मेट्रनबाईंनी विचारले. आता त्या माझ्याशी बोलत होत्या. मी “माय वाइफ” म्हणालो आणि पुढे वाक्य झाले नाही. त्यांनी पुढचे मागितलेही नाही. वर्षाचे काम दिले. अट एकच: बेचाळीस विद्यार्थिनी चार-चारच्या गटाने दर शनिवारी येथे येतील, आणि प्रत्येकीचा दोरा ती रोगी उचलेल तेव्हाच काढला जाईल.

त्या गेल्यावर मी तिघींना माझे ‘होय’ आणि महिनाअखेरीचे गृहस्थ, सर्व सांगून टाकले. माझी अपेक्षा होती की रडारड होईल. काजवाली रिळे भरत राहिली. कटरबाई म्हणाल्या, “माहीत आहे. पाच मशिनं चार चार वेळा मोजणारा माणूस कशासाठी मोजतोय, ते कळत नाही होय? तुम्ही सांगायला तयार नव्हता, म्हणून आम्ही विचारलं नाही.”

पत्र लांबले, क्षमा असावी. लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (हे पत्र वगळता),
आपल्या धाकटीचे यजमान

ता. क. वरील मजकुरावरून आपल्या लक्षात आले असेलच, तरी स्पष्ट लिहितो: माझा ‘होय’ मी मागे घेत आहे. मशिने घेण्यास येणाऱ्या गृहस्थांना कृपया आपणच नकार कळवावा. मी कळवावे हे रीतसर झाले असते. परंतु मी मसुदा करू लागलो तर तो तीन पाने होईल, त्यात नकार कोठे आहे ते त्यांना सापडणार नाही आणि त्यांना वाटेल की मी तयार आहे.

ता. क. २. मी आपल्याकडे येत नाही, तर आपणच येथे यावे. लाल दोऱ्याची ही रीत हिने कोठून घेतली, हे कटरबाईंना ठाऊक नाही. आपल्या आईची असेल, शाळेतली असेल, किंवा आपल्या दोघींच्या बाहुल्यांच्या कपड्यांपासूनची असेल. आपणांस माहीत असल्यास सविस्तर सांगावे. मी ऐकेन. मधेच वाक्य सुधारणार नाही, असे लेखी देतो.

ता. क. ३. येताना साडूसाहेबांना अवश्य सोबत आणावे. परवाचा पहिला शनिवार पार पडला. चारही मुलींनी मला लीलया उचलल्यावर मेट्रनबाईंचा लेखी शेरा आला आहे की, रोगी फार हलका असून त्यावरून बगलेची खरी परीक्षा होत नाही. किमान नव्वद किलोचा रोगी पाहिजे. साडूसाहेबांना एवढेच सांगावे की, दर शनिवारी येथे त्यांना आडवे होण्यास जागा मिळेल. बाकीचे मी टेबलाजवळ सांगेन.